दहा रुपयांचा दंड आणि परत मिळालेली पदवी

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आवारात १९६८ साली व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध आणि २०२४ साली गाझामधील युद्धाविरुद्ध विद्यार्थी जमले, आणि दोन्ही वेळा विद्यापीठाने त्यांना हटविण्यासाठी पोलीस बोलावले. दोन्ही वेळा जगभर एकच वाद झाला. विद्यार्थ्याने विद्या करावी, की राज्यकर्त्यांच्या युद्धनीतीवर भर आवारात मत मांडावे? एका पक्षाच्या मते शिक्षणसंस्थेची शांतता भंगली, तर दुसऱ्याच्या मते शिक्षणाचाच एक भाग पार पडला. या वादाचा निवाडा करण्यासाठी मराठी वाचकाला न्यूयॉर्कपर्यंत जाण्याचे कारण नाही. नाशिक रोडहून मुंबईकडे निघाले की पुढचेच स्थानक देवळाली लागते. त्या परिसरातील एका गावच्या मुलाच्या आयुष्यात हा वाद सव्वाशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

देवळाली कॅम्प हे युद्धाने वसविलेले गाव आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई बंदरात उतरलेल्या गोऱ्या पलटणी येथे आणून ठेवीत, आणि मुदत संपलेले सोजीर मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत येथेच दिवस काढीत. त्या कंटाळवाण्या मुक्कामाची आठवण म्हणून, डोके फिरलेल्या माणसाला ‘डुलाली’ म्हणण्याचा प्रघात इंग्रजी भाषेत पडला. भारतीय सैन्याचे तोफखाना विद्यालयही येथेच आहे. या छावणीला लागूनच भगूर आहे. तेथे दामोदरपंत आणि राधाबाई सावरकर यांच्या घरी २८ मे १८८३ रोजी विनायकाचा जन्म झाला.

सावरकरांचे चरित्र मराठी माणसाला परिचित आहे. परंतु ते बहुधा अंदमानापासून किंवा मार्सेलिसच्या उडीपासून आठवले जाते. पुढे हिंदुमहासभेचे नेतृत्व केल्यामुळे त्यांचे भक्त आणि टीकाकार यांच्यातील वाद आजही शमलेला नाही. या गदारोळात त्यांच्या आयुष्याचा एक लहानसा, पण शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावा असा भाग मागे पडतो. तो म्हणजे विद्यार्थी सावरकर आणि त्यांच्या शिक्षणसंस्था यांचे संबंध.

भगूर ते फर्ग्युसन

विनायक नऊ वर्षांचा असताना आई कॉलऱ्याने गेली. १८९९ च्या प्लेगमध्ये वडीलही गेले. थोरले बंधू गणेशपंत, म्हणजेच बाबाराव, यांनी संसाराचा भार उचलला आणि कुटुंब नाशिकला आले. तेथे तरुणांच्या एका लहान गटातून ‘मित्रमेळा’ ही संस्था उभी राहिली. जानेवारी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे निधन झाले, तेव्हा गावोगावी दुखवट्याच्या सभा झाल्या. परक्या राज्यकर्त्यासाठी आपण दुखवटा पाळू नये, हा पक्ष या तरुणांनी मित्रमेळ्यात मांडला आणि तो तडीस नेला. मॅट्रिकच्या वर्गातील मुलांनी सार्वजनिक प्रश्नावर, गावातील वडीलधाऱ्यांच्या मताविरुद्ध घेतलेली ही भूमिका होती.

त्याच वर्षी मॅट्रिक झाल्यावर पुढील शिक्षणाचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न उभा राहिला. सासरे भाऊराव चिपळूणकर हे जव्हार संस्थानातील वजनदार गृहस्थ होते. त्यांनी तो भार स्वीकारला आणि जानेवारी १९०२ मध्ये सावरकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. पितृछत्र नाही, घरची मिळकत बेताची आणि शिक्षण दुसऱ्याच्या आधाराने चाललेले, अशा विद्यार्थ्याला महाविद्यालयाची शिक्षा किती जड जाऊ शकते, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील प्रसंगाचा अर्थ उलगडतो.

होळी आणि दंड

लॉर्ड कर्झनच्या सरकारने जुलै १९०५ मध्ये बंगालच्या फाळणीचा निर्णय जाहीर केला आणि १६ ऑक्टोबर रोजी तो अमलात आणला. स्वदेशी आणि बहिष्काराची लाट बंगालमधून महाराष्ट्रात आली. पुण्यात सावरकर आणि त्यांचे सहकारी यांनी विदेशी कपडे गोळा केले, आणि ऑक्टोबरमध्ये दसऱ्याच्या सुमारास ते मिरवणुकीने नेऊन त्यांची होळी केली. लोकमान्य टिळक आणि ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे त्या प्रसंगी उपस्थित होते. कोणालाही मारहाण झाली नाही, कोणाचे दुकान फोडले गेले नाही. लोकांनी आपल्या मालकीचे कपडे स्वखुशीने दिले आणि ते जाळले गेले.

महाविद्यालयाने मात्र त्याची दखल घेतली. प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. टिळकांनी ‘केसरी’तून या शिक्षेवर कडक टीका केली. दंड भरण्यासाठी लोकांनी वर्गणी जमविली. सावरकरांना महाविद्यालयातून मात्र काढण्यात आले नाही. त्यांना परीक्षेला बसता आले आणि ते बी. ए. झाले.

प्राचार्य परांजपे यांची बाजू येथे न्यायाने मांडली पाहिजे. केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन आलेला हा विद्वान अल्प वेतनावर देशी शिक्षणसंस्थेत काम करीत होता. तो कोणाचा हस्तक नव्हता. विवेकवादी आणि उदारमतवादी म्हणून त्यांचा लौकिक पुढेही टिकला. परंतु त्यांच्यापुढे संस्था सांभाळण्याचा प्रश्न होता. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली काढलेल्या या महाविद्यालयाला सरकारी अनुदानाचा आधार होता. गव्हर्नरची मर्जी गेली तर काय होईल, ही भीती निराधार नव्हती.

ही भीती किती खरी होती, ते बंगालमध्ये त्याच महिन्यात दिसून आले. तेथील सरकारचे मुख्य सचिव कार्लाइल यांच्या नावाने निघालेल्या परिपत्रकाने विद्यार्थ्यांना बहिष्काराच्या चळवळीपासून दूर ठेवण्याची जबाबदारी शाळा-महाविद्यालयांवर टाकली. जी संस्था ही जबाबदारी पाळणार नाही, तिचे अनुदान आणि सवलती बंद करण्याची धमकीही त्यात होती. १९०७ साली भारत सरकारच्या रिस्ले परिपत्रकाने हेच धोरण देशभर लागू केले. विद्यार्थ्यांना थेट शासन करण्याचा त्रास सरकारने घेतला नाही. पैशाची दोरी हाती ठेवून शिक्षकालाच पोलीस बनविणे सरकारला स्वस्त पडले. अनुदान देणाऱ्याने संस्थेचा हिशेब तपासावा हे योग्यच आहे. परंतु त्याला संस्थेतील माणसांचे मत तपासण्याचा अधिकार मिळाला, की विद्यालय हे शासनाचे एक खाते बनते. दहा रुपयांच्या दंडामागे हा मोठा व्यवहार उभा होता.

बिल्ल्यांचा प्रश्न

टिळकांच्या आणि शिवरामपंतांच्या शिफारशीने श्यामजी कृष्णवर्मा यांची शिष्यवृत्ती मिळवून जून १९०६ मध्ये सावरकर कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथील ‘इंडिया हाउस’मध्ये त्यांनी हिंदी विद्यार्थ्यांना एकत्र आणले. १८५७ च्या युद्धाला इंग्रज ‘शिपायांचे बंड’ म्हणत आणि ते मोडून काढणाऱ्या सेनानींचे उत्सव करीत. सावरकरांनी त्याच घटनेला स्वातंत्र्ययुद्ध ठरविणारा ग्रंथ लिहिला. १९०९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर बाहेर पडण्यापूर्वीच सरकारने त्यावर बंदी घातली होती.

या काळातील एक छोटी घटना विशेष बोलकी आहे. १८५७ च्या स्मरणार्थ इंग्लंडमधील हिंदी विद्यार्थ्यांनी छातीवर बिल्ले लावले आणि त्यांतील काही जण ते लावूनच आपापल्या महाविद्यालयांत गेले. अध्यापकांशी खटके उडाले. माफी मागण्यापेक्षा महाविद्यालय सोडणे काहींनी पसंत केले. एका युद्धाविषयी राज्यकर्त्यांहून वेगळे मत दर्शविणारा साधा बिल्लाही त्या संस्थांना सहन झाला नाही.

सुमारे साठ वर्षांनी अमेरिकेत याच प्रश्नाचा न्यायनिवाडा झाला. डिसेंबर १९६५ मध्ये डे मॉइन शहरातील काही शाळकरी मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळ्या फिती बांधल्या म्हणून त्यांना शाळेतून घरी पाठविण्यात आले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली सात विरुद्ध दोन मतांनी निकाल मुलांच्या बाजूने लागला. शाळेच्या कामात खराखुरा अडथळा येत असेल तरच निषेधाला आवर घालता येतो, केवळ अप्रिय मताची धास्ती पुरेशी नाही, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. लंडनमधील हिंदी विद्यार्थ्यांना असा निवाडा देणारे न्यायासन कोठेही नव्हते.

पिस्तुलाचा आक्षेप

येथे विरोधी पक्षाचा सर्वांत प्रबळ आक्षेप विचारात घेतला पाहिजे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या तरुण विद्यार्थ्याने कलेक्टर जॅक्सन यांचा गोळ्या घालून वध केला. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे एप्रिल १९१० मध्ये फासावर गेले. कटाचे धागे सावरकरांनी इंग्लंडहून धाडलेल्या पिस्तुलांपर्यंत पोहोचले. मार्च १९१० मध्ये त्यांना लंडनमध्ये अटक झाली आणि पुढे दोन जन्मठेपींची, म्हणजे पन्नास वर्षांची, शिक्षा झाली. कपड्यांच्या होळीपासून पिस्तुलापर्यंतचा रस्ता इतका जवळचा असेल, तर प्राचार्यांनी होळीलाच शिक्षा केली यात काय चुकले, असे कोणीही विचारील.

महाविद्यालयाने दंड केला म्हणून सावरकर क्रांतिकारक झाले, असे उत्तर सोपे आहे. पण ते खरे नाही. गुप्त संघटना त्याआधीच स्थापन झालेली होती आणि १९०४ पासून ती ‘अभिनव भारत’ या नावाने ओळखली जात होती. परंतु हीच वस्तुस्थिती आक्षेपाचे खंडनही करते. महाविद्यालयाने जे पाहिले आणि ज्याला शिक्षा केली, ते कृत्य उघड्यावर, हजारोंच्या साक्षीने झालेले होते. त्याला उत्तर देता येत होते. प्राचार्यांना स्वतः सभा घेऊन बहिष्काराचे अर्थशास्त्र कसे चुकीचे आहे, हे सांगता आले असते. जे गुप्त होते ते दंडाला दिसलेच नाही. उघड निषेधावरील बंदीने गुप्त कटाला धक्का लागत नाही. उलट उघड मार्गाने जाणाराच तेवढा सापडतो. हत्येसाठी फौजदारी कायदा आहे आणि तो असावाच. परंतु वसतिगृहाचे नियम हे फौजदारी कायद्याचे काम करू शकत नाहीत.

शिक्षणसंस्थांनी यानंतर जे केले, ते दंडाहूनही अधिक विचार करण्यासारखे आहे. अभ्यासक्रम पुरा करूनही ग्रेज इन या संस्थेने सावरकरांना बॅरिस्टरी नाकारली होती. जन्मठेपेनंतर मुंबई विद्यापीठाने त्यांची बी. ए. पदवीही काढून घेतली. पदवी हे अभ्यास केल्याचे प्रमाणपत्र आहे, चालचलणुकीचे नव्हे. न्यायालयाची शिक्षा न्यायालयाने दिलेली होती. परंतु त्यामुळे सावरकरांनी फर्ग्युसनमध्ये जे वाचले ते न वाचलेले ठरत नव्हते. विद्यापीठाने ते तसे ठरविले, तेव्हा आपल्याच परीक्षेची किंमत आपल्या हातांनी कमी केली.

बाजू पालटली तेव्हा

अंदमान, नंतर रत्नागिरी आणि येरवड्याचे तुरुंग, आणि १९२४ पासून रत्नागिरी जिल्ह्यातील स्थानबद्धता असा काळ काढून १० मे १९३७ रोजी सावरकर बंधमुक्त झाले. सुटकेसाठी त्यांनी सरकारकडे केलेले अर्ज हा आजही वादाचा विषय आहे. त्याच वर्षी ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी जी भूमिका घेतली, ती या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने कळीची आहे. हिंदी तरुणांनी मोठ्या संख्येने सैन्यात शिरावे, शाळा-महाविद्यालयांतून लष्करी शिक्षण द्यावे, असा प्रचार त्यांनी हिरिरीने केला. आधुनिक शस्त्रविद्या हाती येण्याची ही संधी आहे, असा त्यामागचा हिशेब होता.

त्याच महाराष्ट्रात दुसरा प्रवाहही जोरात होता. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या सुमारे नव्वद हजार कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी वर्ध्याजवळील पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. युद्धाविरुद्ध शांतपणे बोलण्याचा अधिकार आहे की नाही, एवढाच त्या सत्याग्रहाचा प्रश्न होता, आणि सरकारने विनोबांना तुरुंगात धाडून त्याचे उत्तर दिले. विद्यार्थी संघटनांतही युद्ध हाच चर्चेचा विषय होता. डिसेंबर १९४० मध्ये नागपूरच्या अधिवेशनात अखिल भारतीय विद्यार्थी फेडरेशनमध्ये फूट पडली.

म्हणजे १९०५ साली ज्या विद्यार्थ्याला राजकारण केल्याबद्दल वसतिगृह सोडावे लागले, तोच पस्तीस वर्षांनी विद्यार्थ्यांना सैन्यात बोलावीत होता, आणि त्याच्या विरुद्ध मताचे विद्यार्थी युद्धाला नकार देत होते. यांपैकी कोणाची बाजू बरोबर होती, याचा निवाडा इतिहासकार करीत राहतील. परंतु विद्यार्थ्याच्या बोलण्याच्या अधिकाराला त्या निवाड्याची वाट पाहावी लागत असेल, तर तो अधिकारच उरत नाही. सावरकरांच्या होळीचे समर्थन करणाऱ्याने युद्धविरोधी विद्यार्थ्याचेही समर्थन केले पाहिजे. युद्धविरोधी विद्यार्थ्याची कड घेणाऱ्याने दहा रुपयांच्या त्या दंडाचाही निषेध केला पाहिजे. आपल्या मताच्या मुलांपुरते स्वातंत्र्य मागणारा माणूस स्वातंत्र्य मागत नसतो, तो आपल्या पक्षाची सोय पाहत असतो.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. युद्ध हा विषय विद्यालयाबाहेरचा आहे, असे म्हणण्याचा हक्क आपल्या शिक्षणसंस्थांनी फार पूर्वीच गमावला आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, भारतीय संरक्षण दलासाठी विद्यापीठांतून तुकड्या उभारल्या गेल्या. १९२० च्या कायद्यानंतर युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर आली आणि १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. नाशिकमध्ये तर डॉ. मुंजे यांनी १९३७ साली भोसला मिलिटरी स्कूलच काढले. यात गैर काही नाही. देशाला सैन्य लागते आणि सुशिक्षित सैनिक लागतात. परंतु ज्या पटांगणावर सकाळी संचलन होते, त्याच पटांगणावर सायंकाळी युद्धाच्या हेतूंविषयी प्रश्न विचारणारी सभा होता कामा नये, हा न्याय एकांगी आहे. दरवाजा एकाच बाजूने उघडत असेल, तर त्याला तटस्थता म्हणता येत नाही.

विद्यार्थी अजाण असतात, हा शेवटचा युक्तिवादही तपासला पाहिजे. भारतीय सैन्यात साडेसतराव्या वर्षी भरती होता येते. १९८९ पासून अठराव्या वर्षी मतदानाचा अधिकार आहे. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात प्रशिक्षण घेणारा जवान आणि जवळच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला बसणारा विद्यार्थी एकाच वयाचे असू शकतात. कित्येक घरांत ते सख्खे भाऊही असतात. देशासाठी प्राण द्यायला जो पुरेसा जाणता आहे, तो त्या युद्धाचे कारण विचारायला अजाण कसा ठरतो? छावणीच्या गावातील माणसे हा प्रश्न इतरांपेक्षा लवकर ओळखतात, कारण युद्धाची बातमी तेथे वर्तमानपत्राआधी घरात येते.

या अधिकाराला मर्यादा आहेतच. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने भाषणाचे आणि शांततेने, निःशस्त्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्यावरील वाजवी निर्बंधही सांगितले आहेत. दुसऱ्याचा तास बंद पाडणे, परीक्षा उधळणे, वेगळ्या मताच्या मुलाला धमकावणे, हा निषेध नव्हे. ज्याला निषेधात यायचे नाही, त्याला वर्गात बसण्याचा तितकाच अधिकार आहे. संस्थेने या मर्यादांवर खुशाल बोट ठेवावे. परंतु मर्यादा कृतीला असावी, मताला नसावी.

उशिरा मिळालेला न्याय

सावरकरांच्या उत्तरायुष्यात मोठा अंधारही आहे. गांधीजींच्या हत्येच्या खटल्यात ते आरोपी होते. फेब्रुवारी १९४९ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तरी त्या विषयावरील चर्चा थांबली नाही. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी प्रायोपवेशनाने त्यांनी देह ठेवला. त्याआधी मात्र शिक्षणसंस्थांनी आपला जुना हिशेब थोडाफार पुरा केला. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. १९५६ ते १९५९ या काळात त्याच विद्यापीठाचे कुलगुरुपद रँग्लर परांजपे यांनी भूषविले होते. १९६० साली मुंबई विद्यापीठाने काढून घेतलेली बी. ए. पदवी परत केली. तेव्हा पदवीधर सत्त्याहत्तर वर्षांचा होता.

पदवी परत करताना विद्यापीठाने नव्याने परीक्षा घेतली नाही, कारण त्याची गरजच नव्हती. विद्यार्थ्याची विद्या पूर्वीही तेवढीच होती. मधल्या काळात बदलले होते ते राज्य. शिक्षणसंस्थेचा निर्णय राज्य बदलताच बदलत असेल, तर तो शिक्षणाच्या कारणासाठी घेतलेला नव्हता, हे त्यातून उघड होते. आज ज्या संस्थाचालकांच्या टेबलावर एखाद्या युद्धविरोधी सभेच्या परवानगीचा अर्ज पडला असेल, त्यांनी सही करण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारावे, की हाच निर्णय पन्नास वर्षांनी, दुसऱ्या कोणाच्या राज्यात, आपल्या संस्थेला परत घ्यावा लागणार नाही ना? १९०५ साली वसूल झालेले दहा रुपये क्षुल्लक होते. ती चूक दुरुस्त व्हायला मात्र अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.